पडद्याच्या दोन कडा

मागच्या महिन्यात परळच्या एका छोट्या सभागृहात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. गेलेले आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा त्यांच्या नोकरीला बावीस वर्षे झाली होती. त्यांच्या नातवाने शेवटच्या वर्षी त्यांना मोबाईलपुढे बसवून बोलते केले होते. तेच चित्रण त्या दिवशी पडद्यावर दाखवले.

चित्रण उभे, पडदा आडवा. मधोमध आजोबा, आणि दोन्ही बाजूंना त्यांचेच मोठे, धुक्यात हरवल्यासारखे रूप हलत होते. बोलता बोलता ते एखाद्या सोबत्याच्या नावापाशी अडले की बाजूने बाईचा आवाज येई. ती नाव सांगे, गाव सांगे, कोणाची मुलगी कोणाकडे दिली तेही सांगे. एकदा चहाची बशी घेतलेला एक हात चौकटीत आला आणि गेला. पहिल्या रांगेत बसलेल्या आजी नातवाला म्हणाल्या, "आरं, आवाज माजा येतुया, पर मी कुटं हाय?"

पोराला उत्तर सुचेना. कार्यक्रम संपल्यावर तो आमच्यापाशी आला. "काका, रात्री दोन वाजेपर्यंत बसून मी ते बाजूचं भरलं. काळ्या पट्ट्या वाईट दिसत होत्या." त्याचे कष्ट खोटे नव्हते. घरोघरी आता मोबाईलवर चित्रण होते, म्हणून हा प्रकार काय आहे ते नीट समजून घेऊ.

आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून, आधी हिशेब मांडतो. टीव्हीची किंवा प्रोजेक्टरची चौकट बहुधा 1920 ठिपके रुंद आणि 1080 ठिपके उंच असते. मोबाईल उभा धरला की नेमके उलटे, 1080 रुंद आणि 1920 उंच. हे उभे चित्र आडव्या चौकटीत उंचीने बसवले तर त्याची रुंदी 608 च्या आसपास उरते. म्हणजे पडद्याच्या तीन भागांपैकी दोन भाग रिकामे! तिथे काय ठेवायचे, एवढाच प्रश्न असतो.

एक उपाय चित्र ताणण्याचा. तो कोणी करू नये. माणसाचे तोंड भाकरीसारखे पसरते. दुसरा उपाय चित्र मोठे करून पडदा भरण्याचा. त्यात रुंदी सगळी राहते, पण उंचीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. आजोबांच्या चित्रणात तसे केले असते तर त्यांच्या डोक्यावरची भिंत आणि तिच्यावरची बाबासाहेबांची तसबीर पडद्याबाहेर गेली असती. नातवाने ते टाळले, हे त्याचे शहाणपणच.

तिसरा उपाय त्याने केला तो. त्याच चित्रणाची एक नक्कल घ्यायची, ती पडद्याच्या रुंदीएवढी मोठी करायची, धूसर करायची आणि मूळ चित्राच्या खाली अंथरायची. एडिटिंगच्या भाषेत खालच्या थरावर नक्कल, वरच्या थरावर मूळ. इनशॉटसारख्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये 'बॅकग्राउंड'मध्ये जाऊन 'ब्लर' निवडले की हे आपोआप होते. वृत्तवाहिन्या लोकांनी पाठवलेली मोबाईलची दृश्ये दाखवतात, त्यांच्या बाजूंनाही हेच असते. रंग मूळ चित्रातलेच असल्यामुळे ते परके वाटत नाही.

चित्राची चौकट आणि पडद्याची चौकट यांचे हे भांडण जुनेच आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्या काळच्या चित्राचे माप साधारण चारास तीन, म्हणजे चौकोनाजवळचे. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्या टीव्हीचे मापही चारास तीन. मधल्या काळात सिनेमाचा पडदा रुंद झाला होता. 1959 चा 'कागज के फूल' आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. असे रुंद सिनेमे टीव्हीवर दाखवताना एकतर वर-खाली काळ्या पट्ट्या येत, नाहीतर दोन्ही कडा कापाव्या लागत. कडा कापल्या की दोघे बोलत असता त्यातला एक नुसता आवाजच उरे. आजींचे झाले ते त्याच जातीचे, फक्त इथे कडा चित्रण करतानाच गेल्या.

नातवाला आम्ही हेच सांगितले. धूसर केलेली बाजू म्हणजे खोलीची बाजू नव्हे. ती मधल्याच माणसाची फुगवलेली नक्कल. पडदा भरलेला दिसतो, त्यामुळे बाजूला कोणीतरी होते आणि ते निसटले, हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. काळी पट्टी निदान प्रामाणिकपणे रिकामी असते. शिवाय अंधाऱ्या सभागृहात ती अंधारात मिसळून जाते. सिनेमाच्या पडद्याच्या कडेला काळे कापड लावतात ते काय उगीच? घरी दिवा लावून टीव्हीवर बघताना मात्र धूसर बाजू डोळ्याला बरी वाटते, हे आम्ही कबूल करतो.

ज्यांना हा प्रकार करायचाच आहे त्यांनी खालचा थर भरपूर धूसर करावा आणि निम्म्याने काळोखा करावा. अर्धवट धूसर केला तर डोळा तिकडेच ओढला जातो. माणूस मान हलवतो तशी बाजूची नक्कलही डुलते, मोठ्या पडद्यावर तर गरगरते; त्याऐवजी खाली एकच स्थिर चित्र घ्यावे. नाव, तारीख वगैरे अक्षरे शेवटी सर्वांत वरच्या थरावर टाकावीत. ती आधीच टाकली तर त्यांचीही फुगलेली सावली मागे दिसते. फक्त मोबाईलवरच बघायचे असेल तर काहीच करू नये, उभे चित्र उभेच राहू द्यावे.

लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणि अल्बममधले उभे फोटो यांना मात्र हा उपाय शोभतो. चारास तीन मापाच्या कॅसेटीला आजच्या पडद्यावर चौथा हिस्साच भरावा लागतो. तिथे निसटलेले परत येणे नाही, निदान वधूवरांचे चेहरे ताणले जात नाहीत. कॅसेटी डिजिटल करून देणाऱ्या दुकानदाराला मात्र 'चित्र ताणू नका' असे बजावून सांगा. आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात सगळे वऱ्हाडी बुटके आणि जाडे झाले आहेत, आणि मूळ कॅसेट आम्हीच टाकून दिली. त्याची हळहळ अजून आहे.

गेल्या रविवारी नातवाने आजींचे बोलणे घ्यायचे ठरवले आणि आम्हालाही बोलावले. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. त्याने स्टुलावर पुस्तके रचून मोबाईल आडवा टेकवला. चौकटीत खाट आली, खिडकी आली, तसबीर आली. आजी वायंडिंग खात्यात अकरा वर्षे होत्या हे आम्हाला त्या दिवशी कळले. आजोबांच्या चित्रणात त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

सुरुवात करणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "थांब जरा, शेजारच्या मावशीला हाक मार. आमी दोघी एकाच पाळीला व्हतो." मावशी आल्या, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. नातवाने मोबाईलमध्ये डोकावून पाहिले, स्टूल हातभर मागे सरकवले, आणि दोघी मावल्या.