उघडे दार, बंद वाडा

फुलपाड्याहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्याच्या मोबाइलवर वाहतूक-दंडाच्या नावाने ‘एपीके’ फाइल येते. ती बसवून मागितलेल्या परवानग्या दिल्या, की बँकेचे ओटीपी परस्पर चोराहाती पडतात. तेव्हा अँड्रॉइडचे दारच बंद करा, असे म्हणणारे आता पुष्कळ आहेत. हा सल्ला उतावळा होय. आयफोनचा वाडा बंदिस्तच. तरी त्यात शिरणारे ‘पेगॅसस’ हे हेरतंत्र २०१६ साली उजेडात आलेच. शिवाय वाड्याच्या किल्ल्या कोणाकडे? अँड्रॉइड-बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगललाच १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता! अर्थात, गर्दीत लोंबकळत संदेश वाचणाऱ्याला हा युक्तिवाद तारणार नाही. दार उघडेच असावे. मात्र परकी फाइल बसवताना मोबाइलने त्याला स्वच्छ मराठीत अडवले पाहिजे.