पारख

यश मिळाले की टाळ्या, अपयश आले की टीका, ही प्रेक्षकांची जुनी रीत आहे. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या आर्सेनल फुटबॉल संघाने अवघ्या ३७ वर्षांच्या मिकेल आर्तेता यांना प्रशिक्षक नेमले. ऑगस्ट २०२१ मध्ये संघ लीगचे पहिले तिन्ही सामने एकही गोल न करता हरला, तेव्हा अनेक चाहत्यांनी त्यांना काढून टाकण्याची मागणी केली. व्यवस्थापनाने मात्र धीर धरला. २०२२-२३ च्या हंगामात संघ ८४ गुणांसह दुसरा आला आणि कालचे टीकाकारही त्यांची वाहवा करू लागले. मत बदलणे हा दोष नव्हे; तीन सामन्यांवरून माणसाची पारख करणे, हा दोष होय. पेरल्याबरोबर पीक मागणाऱ्याने शेतकऱ्याला बोल लावू नये.