दाखला मिळाला, शिक्षक कुठे आहे?

दिव्यांग मुलाच्या उपचारात औषधाचा वाटा बहुतेक वेळा लहान असतो, शिकवण्याचा मोठा. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता यांवर बरे करणारी गोळी नाही. श्रवणयंत्र बसवले तरी ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लावायला कोणीतरी शिकवावेच लागते. म्हणून हा प्रश्न शिक्षण खात्याइतकाच आरोग्याचाही आहे.

मुले शोधण्याची सोय आता बरी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन तपासणी करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. पण महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या वाडीतले पालक प्रमाणपत्र घेऊन घरी परततात, तेव्हा पुढचा प्रश्न तसाच उभा असतो. याला शिकवणार कोण आणि कुठे?

विशेष शिक्षक होण्याची वाट फारशी कोणी सांगत नाही. बारावीनंतर विशेष शिक्षणातील पदविका किंवा पदवीनंतर विशेष बी.एड. करता येते. श्रवण, दृष्टी, बौद्धिक अक्षमता असा एक विषय निवडावा लागतो. अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता हवी आणि उत्तीर्ण झाल्यावर परिषदेकडे नोंदणी हवी. १९९२ च्या कायद्याने ती सक्तीची आहे. मान्यता नसलेल्या वर्गांत पैसे आणि वर्षे दोन्ही वाया जातात. त्यामुळे प्रवेशाआधी ती पाहून घ्यावी.

त्याहून अवघड निवड नंतरची. विशेष शाळा, सर्वसाधारण वर्ग, की घरोघरी जाऊन शिकवणे? शहरात याचे उत्तर सोयीनुसार देता येते. डोंगराळ तालुक्यात मुलाच्या गरजेनुसारच द्यावे लागते.

पोलादपुरातील छोट्या जिल्हा परिषद शाळेत एक-दोन शिक्षक अनेक इयत्ता एकत्र सांभाळतात. ही उणीव मानली जाते. पण एकाच खोलीत वेगवेगळ्या पातळीवरच्या मुलांना शिकवण्याची सवय याच गुरुजींना असते. सौम्य बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता असलेले मूल अशा वर्गात सामावू शकते. विशेष शिक्षकाने तिथे मुलाला बाजूला काढून बसण्यापेक्षा गुरुजींना पद्धत शिकवावी, हे अधिक उपयोगाचे.

कर्णबधिर मुलाचे मात्र वेगळे. भाषेसाठी पहिली काही वर्षे मोलाची असतात. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय असा दंडक आहे. ज्याला यंत्रानेही पुरेसे ऐकू येत नाही आणि आसपास खुणांची भाषा कोणालाच येत नाही, असे मूल गावच्या शाळेत चाळीस जणांत बसूनही एकटेच असते. त्याला विशेष शाळा मिळालीच पाहिजे, मग ती दूर असली तरी. समावेशनाच्या नावाखाली त्याला नुसते बाकावर बसवणे अन्याय आहे.

तिसरा गट घराबाहेर पडू न शकणाऱ्या मुलांचा. पावसाळ्यात इथे घाटरस्ते बंद पडतात. जुलै २०२१ मध्ये तळीये, केवनाळे आणि सुतारवाडीत काय झाले ते जिल्हा विसरलेला नाही. अशा मुलांसाठी शिक्षकच वाडीवर जायला हवा, आणि त्याच्या प्रवासाचा खर्च व वेळ कामाचाच भाग धरला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि पुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. राज्यानेही २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. तरी कागदावरचे पद आणि वाडीवर पोहोचलेला माणूस यांत अंतर असते. बाहेरून आलेला शिक्षक बदलीची वाट पाहतो. शिवाय कातकरी वस्तीतले मूल घरी वेगळी बोली बोलते. ती न कळणारा शिक्षक त्याच्या गप्प राहण्यालाच मतिमंदत्व समजण्याचा धोका असतो.

उपाय इथल्याच मुलामुलींत आहे. बारावी झालेल्या स्थानिक तरुणांना मुंबई-पुण्यात शिकण्यासाठी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती द्यावी, त्याबदल्यात काही वर्षे आपल्या तालुक्यात काम करण्याची अट घालावी. डॉक्टर घडवताना ग्रामीण सेवेची अट चालते, तर शिक्षक घडवताना का नको? तोवर पालकांनी गटसाधन केंद्रात जाऊन आपल्या मुलासाठी विशेष शिक्षक कोण आणि तो कोणत्या वारी येणार, हे लेखी विचारावे. दाखल्यावर टक्केवारी असते, वार नसतो. मुलाला मात्र त्या वाराचीच गरज असते.