समुद्राचं पाणी खरंच ‘ॲसिड’ होतंय का? काय पक्कं आहे, काय नाही?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक कोस्ट सागरी अभयारण्यावर २०१९ पासून समुद्राच्या आम्लीकरणासाठी खास पाळत ठेवली जाते. तिथे प्रश्न मोजण्याइतकाच लोकांना समजावून सांगण्याचाही आहे.

पक्कं काय?
माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषतो. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठभागाचा सरासरी पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला. फरक किरकोळ वाटतो, पण आम्लता २५ ते ३० टक्क्यांनी वाढली. पीएच ७ च्या वर असल्याने पाणी ‘ॲसिड’ झालेलं नाही. मात्र शिंपल्यांना कवचासाठी लागणारं कार्बोनेट घटतंय.

अनिश्चित काय?
या किनाऱ्यावर उन्हाळ्यात खोलातलं, मुळातच जास्त कार्बन असलेलं पाणी वर येतं. म्हणून एका वाईट हंगामाचं सगळं खापर प्रदूषणावर फोडता येत नाही. डंजनेस खेकड्यांचं पुढे किती नुकसान होईल, हेही नेमकं सांगता येत नाही.

मकाह, क्विल्यूट, हो आणि क्विनॉल्ट या मूलनिवासी समाजांचं पोट आणि परंपरा याच समुद्रावर आहेत. ‘किती’ हे ठाऊक नाही, म्हणजे ‘होतच नाही’ असं नव्हे.