विद्यापीठाचे संशोधन आणि आमची बांधी

‘विद्यापीठाने आम्हांस काय दिले?’ हा प्रश्न धानाचा भाव पडला की चामोर्शीच्या बाजारात हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे; परंतु त्यास लगोलग जे ‘काहीच नाही’ असे उत्तर दिले जाते, ते आम्हांस मान्य नाही.

अमेरिकेने १८६२ साली कायदा करून सरकारी जमिनी राज्यांस दिल्या व त्यांच्या उत्पन्नावर शेतकीची महाविद्यालये उभारली. १८८७ साली त्यांस प्रयोगक्षेत्रे जोडली. १९१४ साली तेथील ज्ञान शेतकऱ्याच्या दारी नेण्याची तजवीज केली. त्याच धर्तीवर आपल्याकडील कृषिविद्यापीठे निघाली, आणि विदर्भाकरिता अकोल्याचे विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. धानपट्ट्यासाठी सिंदेवाही व साकोली येथे त्याची संशोधनकेंद्रे आहेत.

या केंद्रांवाचून आमचे अडते कोठे, हे गादमाशीच्या उदाहरणाने नीट कळते. हिची अळी फुटव्याच्या कोंबात शिरते. मग तेथे लोंबी न येता कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी निघते. फवारा अळीपर्यंत पोचणे कठीण, म्हणून प्रतिकारक वाण हाच खरा उपाय. असा वाण काढावयाचा तर संकर, पिढ्यांमागून पिढ्यांची निवड व ठिकठिकाणच्या चाचण्या यांत दहा-बारा वर्षे सहज जातात. त्यातही माशीच्या नव्या जाती उत्पन्न होतात व कालचा प्रतिकारक वाण उद्या बळी पडतो. हे काम ना एकट्या शेतकऱ्याचे, ना एका हंगामात नफा पाहणाऱ्या बियाणेविक्याचे. ते सार्वजनिक पैशानेच व्हावयास हवे.

तथापि शोध केवळ केंद्राच्या कुंपणात लागतात असे कोणी समजू नये. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे धनी. १९८३ साली ‘पटेल ३’ धानात त्यांस काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षे पेरून निवडल्या, आणि त्यांतून जो बारीक तांदूळ निघाला त्यास लोकप्रिय मनगटी घड्याळाचे ‘एचएमटी’ हे नाव पडले. पुढे १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केला. आपलेच बियाणे प्रयोगासाठी नेले होते व श्रेय मात्र मिळाले नाही, अशी खोब्रागडे यांची तक्रार होती. विद्यापीठाच्या बाजूने शुद्धीकरणाचे श्रम पुढे केले जातात. शुद्धीकरण हेही कष्टाचे शास्त्र आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण मूळ लोंबी ओळखणारी दृष्टी ज्याची, त्याचे नाव वाणाच्या माहितीपत्रकावर छापण्यास किती शाई लागते? खोब्रागडे २०१८ साली निवर्तले.

२००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी व लाभातील वाटा यांस आधार दिला आहे. आमच्या शेतकरी बंधूंनी त्याचा उपयोग करावा. घरचे सुवासिक अथवा हलके धान असेल तर त्याचे नाव, बांधी व किती दिवसांत कापणीस येते हे दरसाल वहीत टिपून ठेवावे. अशी वही नसली म्हणजे हक्क सांगावा तरी कशाच्या बळावर?

विद्यापीठाकडे आमचे मागणे थोडे आहे. आमच्या तालुक्यात दिना प्रकल्पाच्या कालव्याखालची बांधी आहे व केवळ आभाळाकडे डोळे लावून बसलेलीही आहे. पहिलीत साधणारा वाण दुसरीत आश्विनातल्या एका उघडीपीने पळींज होऊन जातो. केंद्राच्या ओलिताखालचे उत्पन्न पाहून केलेली शिफारस दोघांस सारखीच लागू कशी पडावी? चाचणीचे निम्मे तुकडे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांधीत असावेत, रोवणीपासून मळणीपर्यंतचे आकडे, फसलेल्या वाणांचेसुद्धा, मराठीत छापावेत, आणि ते मृगाच्या आधी गावोगाव पोचावेत. पऱ्हे टाकून झाल्यावर आलेले पत्रक आम्हांस पुढच्या सालीच उपयोगी पडते.