बिस्किट सोडू नका, बदला

"बाळ सकाळी काय खातं?" असं विचारलं की अंधेरीच्या वस्त्यांत बहुतेक एकच उत्तर मिळतं. "खातो ना ताई, चहा-बिस्किट खातो." मग ती वस्ती गिल्बर्ट हिलखालची असो नाहीतर मरोळची. नर्स होते तेव्हा हे वॉर्डात ऐकायचे, आता बैठकांमध्ये ऐकते. यात आईला बोल लावण्यात अर्थ नाही. जी बाई सकाळी साडेसहाला घर सोडून टॉवरमधल्या चार घरांची भांडी घासते, तिच्या पोरांसाठी बिस्किटाचा पुडा हाच नाश्ता असतो. शिवाय बिस्किट आपल्या भागाच्या अंगवळणीच पडलं आहे. पार्ल्याची फॅक्टरी 2016 साली बंद होईपर्यंत अंधेरी सोडली की लोकलच्या डब्यात भाजक्या बिस्किटांचा गोड वास शिरायचा.

पण कुठल्याही स्वस्त पुड्यामागची बारीक अक्षरं वाचा. मैदा, साखर, पाम तेल. भूक मरते आणि दुपारी मूल ताटातली डाळ बाजूला सारतं. त्यात सोबत चहा, म्हणजे अन्नातलं जे काही लोह असेल तेही नीट अंगी लागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळजवळ 69 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. बायकांमध्येही निम्म्याहून जास्त.

बिस्किट सोडा म्हटलं तर कोणी सोडणार नाही, मीही सांगणार नाही. बिस्किटच बदलू या. ते शेंगदाण्याचं करू या.

100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. सायन रुग्णालयाच्या धारावीतल्या पोषण पुनर्वसन केंद्रात अतितीव्र कुपोषित मुलांना जे खास खाद्य देतात, त्याचाही पाया शेंगदाणाच आहे. पीनट बटर म्हणजे जिमला जाणाऱ्यांची महागडी बरणी, असा आपला समज झाला आहे. प्रत्यक्षात ते आपल्या दाण्याच्या कुटाच्या पुढची पायरी. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे गुलामीत जन्मलेले कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. त्यांनी 1916 साली शेंगदाण्याच्या 105 पाककृतींची पुस्तिका काढली, ती अमेरिकेतल्या गरीब शेतकरी घरांसाठी. तीत शेंगदाण्याची बिस्किटंही आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध वाचत होते.

आता कृती. एक वाटी दाणे मंद आचेवर भाजून सालं काढा आणि मिक्सरमधून फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा होईल. मिक्सर तापला की थांबा, पुन्हा फिरवा. तेल सुटून ते मऊ झालं की झालं पीनट बटर. त्यात अर्धी वाटी चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे तेल, एक वाटी कणीक, चिमूटभर मीठ, चिमूटभर खायचा सोडा घाला. ऐपत असेल तर दोन चमचे दूध पावडर. पीठ कोरडं वाटलं तर दुधाचा हात लावा. वीसेक चपटे गोळे होतील. ओव्हन लागत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर द्या, वर लहान स्टँड ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापू द्या, मग तेल लावलेल्या ताटलीत बिस्किटं ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजा. काढताना मऊच लागतात, गार झाल्यावर कडक होतात. अशा चार बिस्किटांत साधारण एका अंड्याइतकी प्रथिनं मिळतात. अंडं परवडत असेल तर अंडं द्याच, ते सरसच आहे.

दाणे घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते आणि तिचं विष भाजूनही पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा फेकून द्या, जीव खालीवर झाला तरी. लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. बिस्किट खाऊन ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर लगेच रुग्णालय गाठा. आणि या बिस्किटाने रक्त वाढेल असं समजू नका. त्यासाठी पालेभाजी, कलेजी आणि आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या आहेत. मूल सुकत चाललं असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या, घरी उपाय करत बसू नका.

राहिला प्रश्न वेळेचा आणि गॅसचा. एका घराने वीस बिस्किटांसाठी अर्धा तास गॅस जाळणं परवडत नाही, हे मला कळतं. म्हणून माझं म्हणणं, हे काम विहारात व्हावं. पूर्वी दिवाळीत बायका नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत रांग लावायच्या, भट्टीवाला ट्रे भाजून द्यायचा. आजही पाववाल्याशी बोलून बघा. रविवारी वंदना झाली की महिला मंडळाने दोन किलो दाणे भाजायला घ्यावेत आणि आठवड्याचे डबे घरोघर जावेत. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले स्टॉल बिस्किटांचे पुडे वाटतात, त्या वर्गणीतले थोडे पैसे यंदा दाणे-गुळाला लावा. आणि दाणे सोलायला, ताटल्या घासायला तरुण पोरांनाही बसवा. हे बायकांचंच काम, असं कुठे लिहिलेलं नाही.