शिक्का पिशवीवर, घाव घाणीवर



ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल निघाले. लोकांचे पाय सुजले, धाप लागली, सुमारे ६० माणसे दगावली. तेथे सुट्या तेलावर बंदी आली. २०११ च्या नियमांतही ती देशभर आहे.

तो धोत्रा आपल्या उमरखेडकडच्या बांधावरही उभा असतो. बी काळे, मोहरीसारखेच. भेसळ केली व्यापाऱ्याने, धसका घेतला गिऱ्हाइकाने आणि धंदा बसला घाणीवाल्याचा! आज आपण सरकीसकट कापूस देतो, अन् बाजारातून तेलाची पिशवी आणि ढेप विकत आणतो. शेतकी शिकलेले आम्हीही छाप पाहूनच पिशवी उचलतो, हे कबूल.

पण छाप म्हणजे तपासणी नव्हे. तेलात तेवढेच तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवले, की धोत्रा असल्यास आम्लाचा थर तांबूस होतो. आम्ल अंग जाळते. हे काम प्रयोगशाळेचे, घरचे नव्हे. नियमांत राज्य सरकारला सूट देण्याची मुभा आहे. आमची मागणी एवढीच, की तालुक्याला तपासणीची सोय करा आणि नमुना पास झालेल्या घाणीला सुटे तेल विकू द्या. बैठकीला येताना आपल्या गावची घाणी कोणत्या साली बंद पडली, ते विचारून या.